आधी कोड वाचू द्या, मग लिहू द्या

पत्र:

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात गणित शिकवते. संगणकाचे सर सोडून गेल्यापासून आठवीचं कोडिंगही माझ्याच गळ्यात पडलं आहे. सहावी-सातवीत हीच मुलं स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या भाषेत, छान रमली होती. मांजर नाचवायची, छोटे खेळ करायची. यंदा पायथन, म्हणजे टाइप करून लिहायची भाषा, सुरू केली आणि वर्ग गप्प झाला. फळ्यावरचा प्रोग्राम उतरवून घेतात, लाल अक्षरांत एरर आली की हात वर करून बसतात. मुलं ३५, संगणक १०, त्यातला एखादा रोज आजारी. एका पालकांनी विचारलं, ‘आता एआयच कोड लिहून देतं, मग पोरांना हे कशाला?’ व्यवस्थापनाला प्रदर्शनासाठी रोबो हवा आहे. मी परत स्क्रॅचकडे वळू का? मुलांना जमत नाही, की मला शिकवता येत नाही?

— एक शिक्षिका, वाळपई

उत्तर:

सप्रेम नमस्कार बाई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला जास्त टोचत असणार. दोन्ही नाही. ज्या मुलांनी सातवीत स्वतःचा खेळ रचला, त्यांना पायऱ्या पाडून विचार करता येतो. ‘रिपीट’, ‘इफ’, व्हेरिएबल (किंमत साठवायला दिलेलं नाव) हे सगळं त्यांनी हाताळलेलं आहे. आणि तुम्ही गणिताच्या आहात, ही या कामात अडचण नसून जमेची बाजू आहे. ते पुढे सांगतेच. मुलं अडलीत ती वाचनापाशी.

आपल्याकडच्या मुलाची वाट बघा. चौथीपर्यंत सरकारी प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोंकणी. पाचवीत हायस्कुलात पाऊल टाकलं की एकदम सगळं इंग्रजी. विज्ञान, भूगोल, सूचना, प्रश्नपत्रिका, सगळंच. ते जेमतेम अंगवळणी पडतंय तोवर सहावी येते आणि गोवा सरकारच्या केअर्स योजनेखाली कोडिंग-रोबोटिक्सचा तास सुरू होतो. स्क्रॅचमध्ये हे इंग्रजी फारसं आड येत नाही. ठोकळा रंगावरून ओळखता येतो, हवा तो डाव्या बाजूला समोरच असतो आणि न जुळणारा ठोकळा मुळात बसतच नाही. पायथनमध्ये समोर रिकामं पान. शब्द आपणच आठवायचा, स्पेलिंग चुकवायचं नाही, कोलनसाठी शिफ्ट दाबून धरायची, पुढची ओळ चार जागा आत घ्यायची. ज्या मुलाला कीबोर्डवर अवतरणचिन्ह शोधायला अर्धं मिनिट लागतं, त्याच्या डोक्यात प्रोग्रामचा विचार टिकणार कसा? तो फळ्यावरची चिन्हं एकेक करून उतरवतो. तुमच्या वर्गात नेमकं हेच चाललं आहे.

म्हणून माझा सल्ला एवढाच: काही आठवडे मुलांना कोरी फाइल उघडायलाच लावू नका. चालणारा प्रोग्राम तयार द्या आणि तो वाचायला लावा. भजनात नवा मुलगा आधी टाळ घेऊन मागे म्हणत बसतो, पहिल्याच दिवशी त्याला कोणी पुढे बसवून अभंग उचलायला सांगत नाही. ही काही माझी घरगुती युक्ती नाही. इंग्लंडमध्ये सू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रिम’ नावाची पद्धत मांडली आहे. आधी प्रोग्राम काय करेल याचा अंदाज, मग चालवून बघणं, मग खोदून विचारणं, मग त्यात बदल, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नवं काही. आपण बहुतेक ठिकाणी पाचव्या पायरीवरच चढून बसतो.

एक तास कसा जाईल ते दाखवते. फळ्यावर दोनच ओळी लिहा. (इथे छापताना मी देवनागरीत लिहिते आहे. संगणकावर अवतरणातला मजकूर सोडून सगळं रोमन अक्षरांत, आकडेसुद्धा.)

नारळ = इनपुट("किती नारळ? ")
प्रिंट(नारळ * ४०)

संगणकाला कोणी हात लावायचा नाही. नारळाचा भाव ४० रुपये, गिऱ्हाइकाने ३ टाइप केलं, पडद्यावर काय येईल? वहीत लिहा. सगळा वर्ग १२० लिहील, तुम्ही गणिताच्या बाई म्हटल्यावर तर खात्रीने. मग चालवा. पडद्यावर येतो ३ हा आकडा, एकापुढे एक ४० वेळा. वर्गात हशा पिकेल. त्या हशातच कोंकणीत विचारा, ‘कित्याक?’ (का?) उत्तर कोंकणीत आलं, मराठीत आलं, तोडक्यामोडक्या इंग्रजीत आलं, तरी घ्या. कीबोर्डवरून आलेलं काहीही पायथन आधी मजकूर म्हणून घेतं, आणि मजकुराला ४० ने गुणलं की तो ४० वेळा लिहिला जातो, हे एखादं पोर जवळपास बोलून दाखवेल. मग त्या मजकुराचा आकडा करणारा ‘इंट’ तुम्ही द्या. गरज पडल्यावर हातात आलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत.

पुढच्या तासाला गणेश चवथीच्या बाजाराचा भाव लावा. दहापेक्षा जास्त घेतले तर ३५ ने:

भाव = ४०
नारळ = इंट(इनपुट("किती नारळ? "))
इफ नारळ > १०:
    भाव = ३५
प्रिंट(नारळ * भाव)

पुन्हा अंदाज. १० नारळांचे किती? ४००. ११ चे? मुलं ३५ ने गुणतील आणि थबकतील: ३८५. एक नारळ जास्त घेऊन १५ रुपये कमी! एरर नाही, लाल अक्षर नाही, पायथनने सांगितलं ते बिनचूक केलं आहे, आणि तरी दुकानदार बुडतो आहे. इथे घाई करू नका. वर्ग भांडू दे. कोणी म्हणेल, भाव फक्त वरच्या नारळांना कमी करावा. मग तसं लिहून बघायचं: पहिले १० चाळीसने, उरलेले ३५ ने, ११ चे ४३५. कोणी ‘मोठं’ या चिन्हाजागी ‘मोठं किंवा बरोबर’ घालून बघेल, म्हणजे १० नारळ ३५० ला पडतील आणि घोटाळा नवावर सरकेल: ९ चे ३६०, १० चे ३५०. हे सगळं पाच ओळींत. मूल पाठ केलेला प्रोग्राम लिहितंय की प्रोग्रामचा विचार करतंय, ते अशा जागी कळतं.

या प्रोग्रामातली एक गोष्ट मुद्दाम केलेली आहे. व्हेरिएबलची नावं मी इंग्रजी ठेवलेली नाहीत. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत ‘प्राइस’, ‘काउंट’, ‘टोटल’ अशी नावं असतात, आणि आपल्या मुलांना ‘प्राइस’ आणि ‘प्रिंट’ दोन्ही सारखेच परके. कुठला शब्द पायथनचा, बदलला तर चालणार नाही असा, आणि कुठला लिहिणाऱ्याने मनाने ठेवलेला, हे त्यांना कळतच नाही. मग सगळंच जसंच्या तसं उतरवायचं, मंत्रासारखं. इंग्रजी घरातच बोललं जाणाऱ्या मुलाला ही अडचण जाणवत नाही, म्हणून पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही ती सुचत नसावी. नावं आपली ठेवली की फरक आपोआप उघड होतो: ‘नारळ’ माझा, ‘इफ’ त्याचा.

ही नावं देवनागरीतही चालतात. पायथन ३ त्याला हरकत घेत नाही, ‘किंमत’ असं व्हेरिएबल बिनधास्त ठेवता येतं. मात्र प्रोग्रामात आकडे लिहायचे ते रोमनच, देवनागरी ४० लिहिलात तर एरर येईल. गंमत अशी की तो चालवताना मुलाने उत्तर म्हणून देवनागरी ३ टाइप केलं, तर ‘इंट’ ते निमूट स्वीकारतो. पोरांना हे करून बघू द्या, त्यांना असल्या फटी फार आवडतात. रोज मात्र कीबोर्ड सारखा मराठी-इंग्रजी बदलत बसणं हा ताप आहे, म्हणून रोमन अक्षरांत आपली नावं लिहिणं सोपं. गोव्यात कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, लिहिण्याचं कोणाला नवल वाटण्याचं कारण नाही. तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) जाहिराती मुलं रस्त्यावर वाचतातच.

आता लाल अक्षरांबद्दल. एरर आली की मूल हात वर करतं, कारण त्याला ती ओरड वाटते. तुम्ही धावत जाऊन दुरुस्त करता, कारण ३५ मुलं आहेत आणि तास संपायला आलेला असतो. यातून मुलाला कळतं ते एवढंच की दुरुस्ती बाई करतात. हे एकदाच मोडा. नियम करा: हात वर करण्याआधी एररची शेवटची ओळ मोठ्याने वाचायची. पायथनमध्ये मुद्द्याची गोष्ट शेवटच्या ओळीत असते, वरचा पसारा नवशिक्याने सोडून दिला तरी चालतो. वर्गाची एक सामाईक वही ठेवा. एका बाजूला एररचं नाव, दुसऱ्या बाजूला मुलांच्या भाषेत तिचा अर्थ. ‘नेमएरर: हे नाव मला कोणी सांगितलेलं नाही, स्पेलिंग बघ.’ ‘इंडेंटेशनएरर: ओळ आत-बाहेर झाली.’ मोठ्याने वाचण्यावर माझा भर आहे तो उगीच नाही. नेदरलँड्समधल्या फेलिएन हर्मन्स यांनी मुलांकडून कोड मोठ्याने वाचून घेण्यावर अभ्यास केला आहे. त्यांनीच २०२० मध्ये ‘हेडी’ नावाची एक भाषा आणली. तिच्या पहिल्या पायरीवर कंस नाहीत, अवतरणचिन्हं नाहीत. ती चिन्हं पुढे एकेक करून येतात आणि शेवटी मूल पायथनपाशी पोचतं. ती ब्राउझरमध्ये चालते. नेट धड असेल तर अडखळणाऱ्या मुलांसाठी बघा.

तुमच्या १० संगणकांचं रडगाणं मी कमी लेखत नाही, पण तिघा-चौघांना एक संगणक ही वाचनासाठी उलट सोय आहे. एकाने कीबोर्ड धरायचा, दुसऱ्याने सांगायचं, आणि सांगणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे. ठरावीक वेळाने अदलाबदल, ती घड्याळ लावूनच करा. नाही तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल: हुशार मुलगा कीबोर्ड सोडत नाही आणि बाजूची मुलगी वर्षभर बघ्याची भूमिका करते. जो भराभर करतो त्याला मुद्दाम सांगणारा करा. तोंडाने सांगताना त्याचीही तारांबळ उडते, आणि ती उडायलाच हवी.

पावसात सत्तरीत वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. त्या दिवसासाठी कागद कापून ठेवा. पाच-सात ओळींचा प्रोग्राम, दर ओळीची एक पट्टी, पट्ट्या पिसून गटाला द्यायच्या आणि क्रम लावायला सांगायचं. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये हा प्रकार मांडला. कोड्यासारखा खेळता येतो आणि त्यात टायपिंग अजिबात नाही. एखादी फसवी पट्टी घाला, कोलन नसलेली. परीक्षेतही असेच प्रश्न काढा: हे चालवलं तर काय येईल, चूक कुठे आहे, ओळी लावा. ‘मूळ संख्या शोधण्याचा प्रोग्राम लिहा’ असा प्रश्न आला की मुलं तो प्रोग्राम पाठ करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

स्क्रॅचचं म्हणाल तर तिथली दोन वर्षं वाया गेलेली नाहीत. अमेरिकेत डेव्हिड वाइनट्रॉप आणि उरी विलेन्स्की यांनी हायस्कूलच्या मुलांचे दोन वर्ग ताडून पाहिले, एक ठोकळ्यांवर शिकलेला, एक मजकुरावर. पहिल्या पाच आठवड्यांनंतर ठोकळेवाले पुढे होते. मग दोघांनाही जावा ही टाइप करायची भाषा शिकवल्यावर दहा आठवड्यांत तो फरक उरला नाही. म्हणजे ठोकळ्यांनी नुकसान होत नाही, पण पुढची भाषा शिकण्याचे कष्टही टळत नाहीत. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आहे, कुठली भाषा हे तिथे बांधून दिलेलं नाही. इंग्लंडच्या २०१४ च्या अभ्यासक्रमात मात्र ११ ते १४ वयाच्या मुलांना किमान दोन भाषा आहेत आणि त्यातली एक तरी टाइप करायची. आठवी हे वय त्यात बसतं. तेव्हा मागे फिरू नका, पण जुनं घर दाखवत पुढे न्या: सातवीत केलेला एखादा स्क्रॅच प्रोग्राम पडद्याच्या एका बाजूला, तोच पायथनमध्ये दुसऱ्या बाजूला, आणि कोणता ठोकळा कुठल्या ओळीत गेला ते मुलांनीच रेघा मारून दाखवायचं. एक खाच आधीच सांगून ठेवते. पायथनमध्ये पुनरावृत्ती मोजणाऱ्या ‘रेंज’ला ५ दिलं की तो ० ते ४ मोजतो. यावर पहिल्या दिवशी निम्मा वर्ग घसरणार.

आणि आता तुमच्या गणिताकडे. पायथनबरोबर ‘टर्टल’ नावाचं कासव फुकट येतं. वेगळं काही घालावं लागत नाही. त्याचं मूळ १९६७ च्या लोगो भाषेत आहे. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइरझाइग यांनी ती मुलांसाठी केली. पुढे कासव तिच्यात आलं, आणि पॅपर्ट यांना त्यातून भूमितीच शिकवायची होती. मुलांना सांगा, समभुज त्रिकोण काढा. ती १०० पावलं पुढे, ६० अंश वळ, असं तीनदा लिहितील. त्रिकोणाचा कोन ६०, हे तुम्हीच शिकवलंय. पडद्यावर त्रिकोण मिटणारच नाही, अर्धा षटकोन उघडा राहील. आता एकाला उठवून वर्गात चालायला लावा. कोपऱ्यावर आला की तो किती वळतो? आतला कोन नाही, बाहेरचा: १२०. पुस्तकातल्या बाह्यकोनाला मुलं इतक्या जवळून कधी भेटत नाहीत. मग चौकोनाला ९०, पंचकोनाला ७२, आणि कुठल्याही नियमित बहुभुजाला ३६० भागिले बाजू, हे सूत्र ती स्वतःच काढतील. पाच टोकांच्या चांदणीला १४४ लागतात. पाच वेळा १४४ म्हणजे ७२०, कासव स्वतःभोवती दोन फेऱ्या मारून येतं. इथपर्यंत आलेला वर्ग रांगोळी काढायला घेईलच, तुम्हाला सांगावं लागणार नाही. त्या रांगोळीपासून कोरी फाइल उघडायला हरकत नाही.

पालकांच्या प्रश्नाला टाळू नका, तो रास्त आहे. एआय कोड लिहून देतं, आणि बऱ्यापैकी देतं. त्यांना तो नारळाचा प्रोग्राम दाखवा. ‘दहापेक्षा जास्तला ३५ ने’ असं सांगितलं तर एआयही तसाच लिहून देऊ शकेल. तो न कुरकुरता चालेल आणि ११ नारळ १० पेक्षा स्वस्तात विकेल. हे ज्याला वाचून कळत नाही, त्याच्या दुकानाचं काय होईल? घरी मुलं एआय वापरतीलच, बंदी घालून उपयोग नाही. वर्गात आणलेल्या प्रोग्रामातली कुठलीही एक ओळ बाई बोट ठेवून विचारणार आणि ती समजावून सांगता आली पाहिजे, एवढी अट पुरे.

राहिला व्यवस्थापनाचा रोबो. प्रदर्शनात चाकांची गाडी रेघेवरून धावते, पाहुणे फोटो काढतात, आणि तिच्यातला कोड किटबरोबर आलेला असतो. मला या प्रकाराचा कंटाळा आहे, पण तुम्हाला तिथे नोकरी करायची आहे, तेव्हा सरळ नाही म्हणू नका. गाडी ठेवा. शेजारच्या टेबलावर दोन मुलांना नारळाचं दुकान घालून बसवा आणि पाहुण्यांना विचारू द्या: १० घेता की ११? मुख्याध्यापकांना आधी तिथे आणा.

तुमची,
सल्लागार

ता.क. लॅबच्या संगणकांवर विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढची आवृत्ती त्यावर बसणार नाही. एका-दोन मशीनवर नवी विंडोज असेल तर तिथे ३.१० किंवा पुढची घाला. तिच्या एरर खूपच सुधारलेल्या आहेत. ‘प्रिंट’चं स्पेलिंग चुकलं तर ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का’ असं विचारते, कोलन राहिला तर तसं सांगते. जुन्या आवृत्तीत कंस बंद करायचा राहिला की ती बोट दाखवते बहुधा पुढच्या, निर्दोष ओळीकडे, आणि मुलं तीच ओळ खोडत बसतात. हे त्या सामाईक वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा. प्रोग्राम लिहायला एस्टोनियाच्या तार्तू विद्यापीठात तयार झालेलं ‘थॉनी’ घ्या. मोफत आहे, पेन ड्राइव्हवरून घालता येतं, नेट नसतानाही चालतं, आणि ओळीगणिक व्हेरिएबलची किंमत कशी बदलते ते बाजूला दाखवतं.